शब्दांच्या आठ जाती आणि काकांचं इंग्रजी

मंडळी, आपल्याकडे एक गोष्ट फार गंभीरपणे मानली जाते. इंग्रजी बोलायला शिकायचं तर आधी व्याकरण "पक्कं" पाहिजे. आणि व्याकरण म्हटलं की निम्म्या नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. जणू काही सातासमुद्रापलीकडून आलेलं ते एखादं अगम्य शास्त्रच!

पण जरा एक गंमत करून पाहा. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. मोजा, आठ. आता नाउन, प्रोनाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह, व्हर्ब, अ‍ॅडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. पुन्हा आठ, आणि क्रमसुद्धा तोच.

हा योगायोग नाही बरं का. आपल्या जुन्या परंपरेत आठ जाती नव्हत्याच. यास्काच्या निरुक्तात शब्दांचे चार प्रकार आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीचं तर मुख्यतः दोनांत भागतं, सुबन्त आणि तिङन्त. मग हे आठ आले कुठून?

इथे दादोबा पांडुरंग तर्खडकर येतात. 1836 साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचं मराठी व्याकरण प्रसिद्ध झालं. पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले, पण त्यांनी समोर ठेवलेला नमुना होता लिंडली मरे या गृहस्थांच्या इंग्रजी व्याकरणाचा. मरे मूळचे अमेरिकेतले वकील. ते इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिले आणि तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी ते पुस्तक लिहिलं, 1795 मध्ये. पुढे कितीतरी वर्षं ते शाळाशाळांतून चाललं. मरे आर्टिकल वेगळं धरून नऊ जाती सांगतात. मराठीत आर्टिकल नाहीच. ते वगळलं की उरतात आठ.

बरं, मरेंचा साचा तरी त्यांचा स्वतःचा होता का? तोही नाही. इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकरनं 1586 मध्ये लिहिलं ते लॅटिन व्याकरणाच्या वळणावर. आणि लॅटिनवाल्यांनी आपला साचा घेतला होता ग्रीकांकडून. म्हणजे ग्रीकांचा अंगरखा लॅटिननं घातला, लॅटिनचा इंग्रजीनं, इंग्रजीचा मराठीनं. प्रत्येक वेळी कुठेतरी तो घट्ट झाला, कुठेतरी ढगळ. प्रिपोझिशन म्हणजे "आधी ठेवलेला" शब्द. आपण मात्र "झाडाखाली", "घरापुढे" म्हणतो, म्हणजे तो नंतर ठेवतो. तरी दोघांची जोडी शाळेत बिनतक्रार लावली जाते. मराठी व्याकरण अशा उसन्या चौकटींतून मोकळं करायला हवं असं अरविंद मंगरूळकरांसारख्या अभ्यासकांनी नंतर हिरिरीनं मांडलं, पण शाळेपर्यंत ते फारसं पोचलं नाही.

हे सगळं मला सुचतं ते आमच्या काकांमुळे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं इंग्रजी आठवीपासून शिकवायचं धोरण घेतलं. काका त्या आठवीवाल्या पिढीतले. त्यांना शब्दांच्या जाती तोंडपाठ. वाक्य द्या, प्रत्येक शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती धडाधड सांगतील. पण तेच वाक्य इंग्रजीत करा म्हटलं की गप्प. मॅट्रिकला इंग्रजीत गेले, कॉलेज राहिलं ते राहिलंच. पुढे शेती उत्तम केली, गावात मान मिळवला, पण "आपल्याला डोकं नव्हतं" हे वाक्य मात्र त्यांनी आयुष्यभर सांभाळलं. मला ते कधीच पटलं नाही.

डोकं होतं. त्यांना लेबलं शिकवली गेली, आणि ती तर त्यांना मराठीतूनच येत होती! नवीन होतं ते वेगळंच.

"राम रावणाला मारतो" म्हणा की "रावणाला राम मारतो" म्हणा, मरतो रावणच. "ला" हा प्रत्यय त्याची काळजी घेतो. इंग्रजीत मात्र "राम किल्स रावणा" उलटं केलंत की रामायणच उलटतं! हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारखे विभक्तिप्रत्यय होते. पुढच्या शतकांत ते झिजत गेले. "ही"चं "हिम" आणि नामाला लागणारा षष्ठीचा "एस" एवढीच काय ती आठवण राहिली. मग कर्ता कोण आणि कर्म कोण हे सांगायचं काम शब्दाच्या जागेवर येऊन पडलं.

तीच गत प्रयोगांची. "मी पोळी खाल्ली, आंबा खाल्ला." आपलं क्रियापद पोळीच्या आणि आंब्याच्या मागे जातं. इंग्रजीतलं तसं जात नाही. काकांची पिढी "कर्मणी म्हणजे पॅसिव्ह" असं घोकत होती, त्यामुळे अगदी साध्या वाक्यावर गाडी अडायची. कारण "रामाने आंबा खाल्ला" हे आपल्याकडे कर्मणी, पण इंग्रजीत सरळ अ‍ॅक्टिव्ह.

पुढे इंग्रजी पाचवीपासून आली, 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून आली. इयत्ता खाली खाली येत गेली, भीती मात्र फारशी हलली नाही.

म्हणून घरात कुणी नव्यानं इंग्रजीला हात घालत असेल, मग ती पाच वर्षांची भाची असो की साठीची मावशी, तर माझं एवढंच सांगणं आहे. आठ जातींपासून सुरुवात करू नका, त्या तुमच्या कधीच्याच ओळखीच्या आहेत. तीन शब्दांचं वाक्य घ्या आणि कोण कुठे उभं राहतं ते बघा. जागा बदलून अर्थ कसा पालटतो ते मोठ्यानं बोलून बघा. आणि अडलं तर "आपल्याला डोकं नाही" असं मात्र कुणी म्हणायचं नाही. निदान आपल्या घरात तरी नाही.