सुट्या भागांचा इतिहास

1977 च्या हिवाळ्यात मी मिशिगनमध्ये विद्यार्थी होतो. माझ्या जुन्या गाडीचा अल्टरनेटर बिघडला. नवा घ्यायचा तर माझ्या वाट्याच्या घरभाड्याहून जास्त पैसे लागणार होते. शेजारच्या खोलीतला मित्र मला गावाबाहेरच्या जंकयार्डमध्ये घेऊन गेला. पाने-स्क्रूड्रायव्हर आपले, मेहनतही आपली. गारठलेल्या बोटांनी तासाभरात अल्टरनेटर काढला आणि थोडक्या डॉलरांत गाडी सुरू झाली. वडिलांना पत्रात मात्र लिहिले, "नवा भाग बसवला." पुण्याच्या जुन्या बाजारातही आम्ही ओळखीचे कोणी बघत नाही ना, याची खात्री करूनच वाकत असू. भंगारात हात घालणे आपले काम नव्हे, हा संस्कार सामानाबरोबर इकडे आला होता.

पुढे इतिहास शिकवताना लक्षात आले की, मला ज्याची लाज वाटली त्यामागे यंत्रयुगातली एक मोठी कल्पना आहे. 1908 मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या गेल्या. त्यांचे भाग एकमेकांत मिसळून पुन्हा तीन गाड्या जोडल्या आणि त्या 500 मैल पळवल्या. तोवर अनेक कारखान्यांत प्रत्येक भाग कानस मारून जागेवर बसवावा लागे. एका गाडीचा भाग दुसरीला चालतो, हे या चाचणीने सिद्ध केले. त्याच वर्षी फोर्डची मॉडेल टी आली. 1927 पर्यंत तशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. मोडलेल्या गाडीने चालत्या गाडीला भाग द्यायचा, हा व्यवहार सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो यामुळेच.

जॉन स्टाइनबेकच्या 1939 च्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' या कादंबरीत कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या निर्धन जोड कुटुंबासोबत प्रवास करणाऱ्या कुटुंबाच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड निकामी होतो. तो त्यांना जंकयार्डमध्येच मिळतो. फेब्रुवारी 1942 मध्ये युद्धामुळे नागरिकांसाठी गाड्या बनवणे थांबले, तेव्हा जुन्या गाड्या जपणे ही साऱ्या देशाची गरज झाली.

लाज वाटणारा मी एकटाच नव्हतो. 1965 च्या महामार्ग सुशोभीकरण कायद्याने मुख्य महामार्गांपासून 1000 फुटांच्या आतली जंकयार्ड झाकण्याची किंवा हलवण्याची तरतूद केली. कुंपणे उंच झाली. आतले काम चालूच राहिले.

आज अडचण वेगळी आहे. हाताने नीट बसलेला भागही पुष्कळदा गाडीचा संगणक स्वीकारत नाही. त्याची नव्याने नोंद करावी लागते. 2012 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा प्रचंड बहुमताने मंजूर केला, त्यामागे हीच चिंता होती. 1908 मध्ये जे सिद्ध झाले, ते टिकवण्यासाठी आता कायदा लागतो.

यंदा नातीला घेऊन जंकयार्डमध्ये गेलो. तेल काढून टाकलेल्या गाड्या लोखंडी रिमांवर ओळीने उभ्या होत्या. तिने आपल्या गाडीसाठी बाजूचा आरसा स्वतः काढला आणि काळे झालेले हात दाखवत लगेच आईला फोटो पाठवला. तिला काहीच लपवावेसे वाटले नाही.

वडील आता नाहीत. त्या पत्रातली दुरुस्ती इथे करतो: भाग जुना होता, आणि तो मी माझ्या हाताने काढला होता.