पूर्णविराम परक्यांसाठी असतो

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांचं इंग्रजी लिखाण मी तपासून देते. स्पेलिंग बरोबर असतं, काळ बरोबर असतो, तरी एक लाल रेघ ठरलेलीच. 'आय वॉज सिक, आय कुड नॉट कम.' दोन पूर्ण वाक्यं आणि मध्ये नुसता स्वल्पविराम. यालाच रन-ऑन सेंटेन्स म्हणतात. मुलांना वाटतं, वाक्य लांबलं म्हणून रेघ आली. पण हे वाक्य जेमतेम सात शब्दांचं आहे! लांबीचा इथे संबंधच नाही.

मग ही चूक ठरली कशी?

जुन्या रोमन हस्तलिखितांत शब्दसुद्धा सुटे नसत, अक्षरं सलग धावायची. भाषा वाचणाऱ्याच्या रोजच्या बोलण्यातली, त्यामुळे कुठे थांबायचं ते कानच सांगायचा. सातव्या शतकाच्या सुमारास आयर्लंडमधले ख्रिस्ती साधू लॅटिन ग्रंथ उतरवताना शब्दांमध्ये जागा सोडू लागले. त्यांची मातृभाषा आयरिश, लॅटिन पुस्तकातून शिकलेली. कानाचा आधार नव्हता, म्हणून डोळ्याला आधार लागला.

पुढे छपाई आली, तरी इंग्रजीत विरामचिन्हं बरीचशी श्वासाच्या हिशेबाने पडत. 1719 च्या 'रॉबिन्सन क्रूसो'त स्वल्पविराम आणि अर्धविरामांवर वाक्यं ओळीमागून ओळी वाहत जातात. आजच्या परीक्षकाने डिफोलाही लाल रेघ मारली असती. श्वासाऐवजी व्याकरण बघायची शिस्त हळूहळू घट्ट होत गेली. कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी 1918 च्या आपल्या छोट्या पुस्तकात स्पष्ट नियमच घातला: दोन स्वतंत्र वाक्यं स्वल्पविरामाने जोडू नका. अगदी लहान, एकसारख्या घडणीच्या वाक्यांना मात्र त्यांनीही सूट दिली.

आपल्याकडे मोडीत आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. पेशवाईचा कारभार त्यावर चालला, कारण लिहिणारा आणि वाचणारा कारकून एकाच तालमीत तयार झालेले. मराठीत इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं रुजवली ती मेजर थॉमस कँडी यांनी. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातले हे सहकारी. मराठी कष्टाने शिकलेला परका माणूस. 1850 मध्ये त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका काढली.

आयरिश साधू काय, कँडीसाहेब काय, थांबण्याच्या खुणांची गरज भाषेबाहेरून आलेल्यांना आधी जाणवली. घरच्या माणसाला त्या नसल्या तरी चालतं.

आणि मराठी ही ओवत जाणारी भाषा. 'उठून, आवरून, चहा पिऊन निघालो' यात चार क्रिया एका दोऱ्यात येतात. 'आजारी होतो, आलो नाही' हेही सहज खपतं. इंग्रजी लिहिताना हीच लय हातात उतरते. तो अडाणीपणा नव्हे, सवय आहे. पण तुमचा अर्ज वाचणाऱ्याला ही लय ऐकू येत नाही. त्याला फक्त चूक दिसते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचा. दोन्ही आपापल्या पायांवर उभ्या राहतात आणि मध्ये जोडशब्द नाही? मग स्वल्पविराम पुरणार नाही. पूर्णविराम द्या. नातं जवळचं असेल तर अर्धविराम द्या. स्वल्पविराम ठेवायचाच असेल तर पुढे 'सो' लावा. किंवा 'बिकॉज' वापरून एक वाक्य दुसऱ्याच्या हाताखाली द्या. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' मात्र फसवे: जोडशब्द वाटतात, पण स्वल्पविरामाच्या जोडीने दोन वाक्यं बांधत नाहीत.

यातलं काय निवडायचं, हे आजारपण आणि गैरहजेरी यांचं नातं तुम्हाला किती उघड करून सांगायचंय त्यावर ठरतं. मराठीत ते वाचणारा समजून घेतो. इंग्रजीत ते लिहिणाऱ्याने सांगायचं असतं.