सुईची कुळकथा

पेशीचे विभाजन होताना केंद्रकात जे आखूड दोरे प्रकट होतात, त्यांचे बारसे १८८८ साली वाल्डायर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने केले आणि नाव ठेवले क्रोमोसोम, म्हणजे ग्रीक अर्थाने रंगाचे शरीर. कारण इतकेच, की हे दोरे रंगद्रव्य अधाशासारखे पितात आणि म्हणूनच भिंगाखाली नजरेस पडतात. आमच्या परिभाषाकारांनी रंग सोडून गुण धरला आणि गुणसूत्र हा शब्द रूढ केला, हे त्यांच्या विवेकाचे द्योतक होय. तथापि या सूत्रांविषयीचे ज्ञान पुढे दीर्घकाळ डोळ्यांच्याच साक्षीवर चालले, आणि माणसाची गुणसूत्रे ४८ नसून ४६ आहेत हा १९५६ सालचा त्जिओ व लेवान यांचा निवाडाही तशाच साक्षीने झाला.

गुणसूत्रांना चाचपून पाहणारी सुई फार उशिरा आली. तिचे कुळ झुरिकजवळच्या आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेतले. तेथे बिनिग आणि रोरर यांनी पृष्ठभागाला न शिवता त्याच्या अगदी निकट फिरणारी आणि मधल्या फटीतून झिरपणाऱ्या विद्युत्प्रवाहावरून अणूंचे चढउतार टिपणारी सुई सिद्ध केली, व १९८६ च्या नोबेल पारितोषिकात त्या दोघांना अर्धा वाटा मिळाला. परंतु ज्या वस्तूतून वीज वाहत नाही तिच्यापुढे ही थोरली बहीण हतबल होती. तेव्हा बिनिगने केल्विन क्वेट आणि क्रिस्तोफ गेर्बर यांच्या सहकार्याने धाकटी घडविली, आणि तिची हकीकतही त्याच १९८६ साली छापून आली: सोन्याच्या पातळ पत्र्याची इवलीशी पट्टी आणि तिच्या टोकाला चिकटविलेली हिऱ्याची कणी. ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपचा हा पहिला अवतार पाहून एखाद्या सराफाला तो आपल्याच पेढीवरचा ऐवज वाटला असता.

पुढे सोने गेले, सिलिकॉन आले. पृष्ठभागाच्या चढउतारांवरून फिरताना पट्टी किती वाकली हे तिच्या पाठीवरून परावर्तित होणाऱ्या लेझरच्या किरणावरून कळू लागले. आणि १९८९ च्या सुमारास सुई पाण्यातही काम करू लागली. ही शेवटची सोय वरकरणी किरकोळ दिसते, पण गुणसूत्रांच्या बाबतीत सारे काही तिच्यावर अवलंबून आहे. कारण प्रयोगशाळेतली नेहमीची रीत अशी, की तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसिटिक आम्ल यांत पेशी मुरवून त्यांचा थेंब काचेवर टाकावयाचा, आणि तो वाळला की गुणसूत्रे काचेला चिकटून चपटी होतात. अशा वाळल्या गुणसूत्रांवरूनही सुईने आडव्या पट्ट्यांचे उंचवटे रंगाचा थेंब न वापरता टिपले, ही कामगिरी लहान नव्हे. पण मार्दवाचे काय? आंबा पिकला की नाही हे आपण अंगठ्याने हलकेच दाबून ठरवितो. तद्वत् सुई टेकवून, किती बळाला ती किती आत रुतते हे पाहिले, की गुणसूत्राचा ताठपणा कळतो. १९९७ साली फ्रित्शे आणि हेंडरसन यांनी वाळलेली गुणसूत्रे पुन्हा भिजवून ही परीक्षा केली; भिजताच ती फुगली व कितीतरी मऊ झाली. कोरड्या गुणसूत्राचा कडकपणा हा माझ्या मते पापडाचा कडकपणा आहे, आणि त्यावरून पिठाची परीक्षा करू नये.

पाणसरड्याच्या गुणसूत्राची दोन टोके काचेच्या सूक्ष्म नळ्यांनी धरून ते ताणणाऱ्यांची एक चुलत शाखाही याच सुमारास भरभराटीला आली. मूळ लांबीच्या कैक पटींनी ताणलेले गुणसूत्र सोडताच पूर्ववत् होते, हे तिने दाखविले. इतकेच नव्हे, तर डीएनए कापणारे विकर सोडले की सबंध गुणसूत्र विस्कटते, तेव्हा त्याला आतून सलग प्रथिनांचा कणा नाही, हेही तिनेच २००२ साली सिद्ध केले.

म्युनिकच्या हेकल प्रभृतींनी मात्र १९९७ सालीच सुईला चाचपणीपलीकडचे काम दिले. तिच्यावरचा दाब वाढवून त्यांनी गुणसूत्राचा एक तुकडा कापून काढला. आणि सुईच्या टोकाला चिकटून आलेला तेवढा अंश डीएनएच्या असंख्य प्रती काढावयास पुरेसा झाला.