इंजिनाचा उच्छ्वास

यंत्राला जीव नाहीं असें सर्वजण म्हणतात. परंतु श्वासोच्छ्वासावांचून तें चालत नाहीं हेंही तितकेंच खरें आहे. मोटारीचें इंजिन हवा आंत घेतें, इंधन जाळतें आणि धूर बाहेर टाकतें. हा त्याचा उघड श्वासोच्छ्वास रस्त्यावरच्या पोरालाही ठाऊक असतो. त्याखेरीज त्याचा आणखी एक उच्छ्वास आहे. तो दट्ट्याच्या बाजूनें निसटतो, खालच्या पेटींत सांठतो आणि एका लहानशा नळीवाटे बाहेर पडतो. इंग्रजी कारागिरांनीं ह्या नळीला 'ब्रीदर', म्हणजे श्वास घेणारी, असें नांव दिलें. नळी ती केवढीशी! पण तिचें तोंड कोठें उघडावें, ह्या एका प्रश्नापायीं एका मोठ्या शहराची हवा, चार बलाढ्य कारखानदार, एका देशाचे कायदे आणि असंख्य हौशी वाहनधारक एकमेकांशीं बांधले गेले. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेंत घडला. परंतु जेथें जेथें मोटार धांवते, तेथें तेथें त्याचा बोध लागू पडतो.

ही नळी मुळांत हवीच कशाला, हें आधीं पाहिलें पाहिजे. सिलिंडरमध्यें इंधन पेटलें म्हणजे त्याच्या दाबानें दट्ट्या खालीं ढकलला जातो आणि त्याला जोडलेल्या दांड्यामुळें क्रँक फिरतो. दट्ट्या सिलिंडरांत थोडा सैल असला पाहिजे, नाहीं तर तो घासून अडकेल. आणि तो घट्टही असला पाहिजे, नाहीं तर दाब निसटून जाईल. ह्या परस्परविरुद्ध गरजांचा मेळ जॉन रॅम्सबॉटम ह्या इंग्रज अभियंत्यानें 1850 नंतरच्या दशकांत वाफेच्या इंजिनापुरता घातला. दट्ट्याभोंवतीं चीर दिलेली धातूची लवचीक कडी बसवावी, ही त्याची युक्ति. निकोलाउस ऑटो ह्या जर्मन संशोधकानें 1876 सालीं चार स्ट्रोकांचें इंजिन यशस्वी करून दाखविलें, आणि पुढें मोटारीचीं इंजिनें तयार झालीं तेव्हां त्यांतही ह्या कड्यांचाच आधार घेण्यांत आला. तथापि कडी कितीही उत्तम असो, थोडा वायु तिला चुकवून खालीं क्रँककेसमध्यें उतरतोच. ह्या चुकार वायूला कारागीर 'ब्लो-बाय' म्हणतात. पेट्रोलच्या इंजिनांत तो वायु म्हणजे बव्हंशीं इंधन व हवा ह्यांचें न जळलेलें मिश्रण असतें. त्याच्या जोडीला पाण्याची वाफ आणि आम्लें असतात. पेटी बंद ठेविली तर तींत दाब चढतो, सांध्यांतून तेल फुटून बाहेर येतें, आणि पाणी व इंधन तेलांत मिसळून त्याचा दाट गाळ बनतो. म्हणून पेटीला तोंड ठेवणें भागच होतें.

प्रारंभीं हें काम अगदीं साध्या उपायानें भागविण्यांत आलें. क्रँककेसपासून एक नळी निघे, ती इंजिनाच्या कडेनें खालीं रस्त्याकडे जाई आणि तिचें टोक मागच्या बाजूला तिरपें कापलेलें असे. गाडी धांवूं लागली म्हणजे खालून वाहणाऱ्या वाऱ्यामुळें त्या टोकाशीं ओढ उत्पन्न होई आणि पेटींतील वायु बाहेर खेंचला जाई. त्याच्या जागीं तेल भरण्याच्या तोंडावरील जाळीच्या टोपणांतून ताजी हवा आंत येई. खर्च जवळ जवळ नाहीं, बिघाड होण्यासारखें कांहीं नाहीं. कारखानदारांना ही व्यवस्था दीर्घकाळ पुरली. तिचा एक दोष कारागिरांना ठाऊक होता, तो असा कीं गाडी उभी असतां किंवा मंद चालत असतां ही ओढ लागत नसे व गाळ सांठे. दुसऱ्या दोषाकडे मात्र कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं. इंजिनाच्या पोटांतील सारा मळ ती नळी रस्त्यावर ओतीत होती, आणि रस्ता हा कोणा एकाच्या मालकीचा नसल्यामुळें तक्रार करणारा कोणी नव्हता.

पहिला बदल घडविला तो दुसऱ्या महायुद्धानें. लष्करी गाड्यांना नद्या-ओढ्यांतून व धुळीच्या लोटांतून जावें लागे. अशा वेळीं खालीं उघड्या तोंडाची नळी म्हणजे पाण्याला व मातीला आमंत्रणच. म्हणून त्या काळच्या लष्करी जीपसारख्या गाड्यांत ती नळी रस्त्याकडे न सोडतां एका झडपेमार्फत इंजिनाच्याच हवा घेण्याच्या मार्गाला जोडली गेली. इंजिन आपल्याच ओढीनें पेटींतील वायु शोषून घेई आणि नव्या इंधनाबरोबर जाळून टाकी. म्हणजे पुढें ज्या उपायासाठीं मोठा वाद माजला, तो उपाय आधींच सिद्ध होऊन बसला होता. परंतु युद्ध संपलें, आणि घरगुती मोटारींना पुन्हा तीच जुनी नळी बसूं लागली.

ह्याच सुमारास कॅलिफोर्नियांतील लॉस एंजेलिस शहरावर एक विलक्षण संकट आलें. 26 जुलै 1943 रोजीं शहरावर असें कांहीं धुकें उतरलें कीं डोळे चुरचुरूं लागले, घसे सुजले व कांहीं अंतरापलीकडचें दिसेनासें झालें. युद्धाचे दिवस असल्यामुळें जपान्यांनीं विषारी वायूचा हल्ला केला कीं काय, अशीही शंका लोकांना आली. पुढें कृत्रिम रबरासाठीं लागणारें द्रव्य तयार करणाऱ्या एका कारखान्यावर ठपका आला व त्याचें काम कांहीं काळ थांबविण्यांतही आलें. परंतु धुकें थांबलें नाहीं. 1947 सालीं ह्या कामासाठीं स्वतंत्र जिल्हा मंडळ स्थापन झालें. खरें कारण शोधण्याचें श्रेय आरी हागेन-स्मित ह्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाकडे जातें. अननसाच्या सुगंधाचें रसायन उलगडण्यांत गुंतलेला हा प्राध्यापक शहराच्या हवेच्या परीक्षेकडे वळला, आणि 1952 च्या सुमारास त्यानें सिद्ध केलें कीं न जळलेल्या इंधनाचे हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडें ह्यांवर सूर्यप्रकाश पडला म्हणजे ओझोन वगैरे दाहक द्रव्यें निर्माण होतात. त्या हवेंत रबराला चिरा पडत, हें त्याच्या पुराव्यांतील एक साधें पण ठसठशीत प्रमाण होतें. हीं दोन्हीं द्रव्यें कोठून येतात? तेलशुद्धीच्या कारखान्यांतून, आणि लाखों मोटारींतून.

मोटारीचा धूर म्हटलें कीं सर्वांची नजर मागच्या धुराड्याकडे जाई. परंतु 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तपासणी झाली तेव्हां असें आढळलें कीं गाडीच्या एकंदर हायड्रोकार्बनांपैकीं सुमारें पंचमांश ते चतुर्थांश भाग त्या दुर्लक्षित नळींतून बाहेर पडतो. धुराड्यावरचा उपाय अवघड व महाग होता. नळीवरचा उपाय थोड्या डॉलरांची एक झडप. कॅलिफोर्नियांत विकल्या जाणाऱ्या 1961 च्या नव्या गाड्यांवर ती बसविण्यांत आली आणि 1963 च्या गाड्यांपासून ती देशभर सर्रास दिसूं लागली. मधल्या ह्या विलंबाची कथा पुढें न्यायालयांत गेली. चार मोठे मोटार-कारखानदार व त्यांची संघटना ह्यांनीं संगनमत करून प्रदूषण रोखणारीं साधनें मागें ठेविलीं, आणि ही झडप कॅलिफोर्नियाबाहेर 1962 च्या गाड्यांवर बसवितां आली असतां ती एक वर्ष लांबविली, असा आरोप सरकारनें 1969 च्या आरंभीं केला. त्याच वर्षीं तो खटला उभयपक्षीं संमतीच्या हुकुमानें मिटला. कारखानदारांनीं दोष पत्करला नाहीं; पण असें संगनमत पुढें न करण्याचें बंधन त्यांच्यावर आलें. दरम्यान 1968 च्या गाड्यांपासून राष्ट्रीय नियमानें पेट्रोल-मोटारींच्या क्रँककेसमधून हवेंत कांहींही सोडण्यास मनाई केली. त्या नळीचें तोंड रस्त्याकडून कायमचें वळविण्यांत आलें.

येथें ही कथा संपली असती, पण डिझेलची वाट निराळी निघाली. डिझेल-इंजिनांत दाबली जाते ती नुसती हवा. इंधन शेवटच्या क्षणीं फवारलें जातें. त्यामुळें त्याच्या चुकार वायूंत इंधन थोडें. परंतु तेलाचे सूक्ष्म तुषार व काजळी भरपूर. त्यांतही टर्बोचार्जर, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून जास्तीची हवा आंत कोंबणारा पंखा, असलेल्या इंजिनांत हा तेलकट वायु परत आंत सोडला तर पंख्यावर व हवा थंड करणाऱ्या जाळीवर तेलाचा थर बसतो. ही अडचण खरी होती, म्हणून अमेरिकेच्या नियमांनीं टर्बो असलेल्या अवजड डिझेल-इंजिनांना दीर्घकाळ सवलत दिली. ती सवलत 2007 च्या इंजिनांपासून काढून घेण्यांत आली. तेव्हांपासून तेल वेगळें काढणारे गाळक बसवून तो वायु आंत वळवावा, अथवा तो धुराच्या एकंदर मोजणींत तरी धरावा, असा नियम झाला.

मधल्या काळांत त्या देशांत शक्तिमान पिकअप ट्रकांचें एक वेगळेंच जग उभें राहिलें. 1989 च्या डॉज ट्रकांत कमिन्सचें 5.9 लिटरचें डिझेल-इंजिन आलें. त्याची शक्ति 160 अश्वशक्ति होती. शेतकरी व माल ओढणारे ह्यांच्यासाठीं तें होतें, पण हौशी कारागिरांनीं लवकरच ओळखलें कीं त्याची घडण तिच्यापासून घेतलेल्या शक्तीपेक्षां पुष्कळ दणकट आहे. पंपावरचा एक स्क्रू फिरविला कीं इंधन वाढे. टर्बोचा दाब वाढविला कीं तें इंधन जाळण्यास हवा मिळे. पुढें इंधनाचा कारभार विद्युत्-नियंत्रकाकडे गेला, तेव्हां स्क्रूची जागा त्या नियंत्रकांतील आंकड्यांनीं घेतली. ह्यालाच 'ट्यूनिंग' म्हणतात. वजनदार घसरगाडे ओढण्याच्या शर्यतींत अशा ट्रकांचा पराक्रम पाहण्यास माणसें दाटी करूं लागलीं. ह्या हौसेला केवळ उच्छृंखलपणा म्हणणें अन्यायाचें होईल. धातूची ताकद, इंधनाचा क्षण आणि हवेचा दाब ह्यांचें सूक्ष्म ज्ञान तींत होतें. कारखान्यांनींही तीच दिशा धरली. 2019 च्या गाड्यांत त्याच घराण्यांतलें 6.7 लिटरचें इंजिन 400 अश्वशक्ति देऊं लागलें.

परंतु शक्ति वाढली म्हणजे तो दुसरा उच्छ्वासही वाढतो. सिलिंडरांतील दाब दुणावला कीं कड्यांना चुकविणारा वायु वाढतो, पेटींत दाब चढतो, आणि ज्या नळीनें मूळ शक्तीला भागत होतें ती अपुरी पडते. मग तेल मोजण्याची पट्टी आपल्या जागेवरून उसळते, सांधे पाझरतात. ह्या ट्रकांचे कारागीर एक घरगुती परीक्षा करतात. चालत्या इंजिनाचें तेलाचें टोपण काढून तें त्याच तोंडावर उलटें ठेवावें. तें स्थिर राहिलें तर कड्या ठीक, तें नाचून खालीं पडलें तर इंजिन थकलें. म्हणून शर्यतीच्या इंजिनांना रुंद ब्रीदर बसवितात आणि त्यांच्या टोकाशीं तेल पकडणारा डबा जोडतात. शर्यतीच्या मैदानावर सांडलेलें तेल मागून येणाऱ्याच्या चाकाखालीं जातें, तेव्हां डबा ही तेथें सभ्यतेचीच नव्हे तर सुरक्षिततेचीही गोष्ट ठरते. एवढ्यापर्यंतची सारी विद्या निर्दोष आहे.

दोष शिरला तो मैदान व रस्ता ह्यांमधली सीमा पुसली गेली तेव्हां. शर्यतीसाठीं शोधलेले उपाय रोजच्या गाड्यांवर आले. बंद केलेल्या नळीचें तोंड पुन्हा खालीं रस्त्याकडे सोडण्यांत येऊं लागलें; त्याच्याच बरोबर धुराड्यांतील काजळीचे गाळक व वायु निवळणारीं साधनें काढून टाकण्याची प्रथा वाढली. कोणी मुद्दाम जास्तीचें इंधन सोडून मागच्याच्या अंगावर काळा धूर फेंकण्यांत भूषण मानूं लागले. तो प्रकार न्यू जर्सी राज्यानें 2015 सालीं व कॉलोरॅडोनें 2017 सालीं दंडनीय ठरविला. हीं साधनें काढण्यास 1970 च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानें प्रथम कारखानदार व विक्रेते ह्यांना बंदी केली होती, आणि 1990 च्या दुरुस्तीनें ती बंदी प्रत्येक व्यक्तीला लागू झाली. तरीही अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्यानें 2020 सालीं जो अंदाज प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें सुमारें दहा वर्षांत साडेपांच लाखांवर डिझेल पिकअपांचीं शुद्धीकरण साधनें काढण्यांत आलीं होतीं, आणि त्या गाड्यांच्या आयुष्यांत नायट्रोजनच्या ऑक्साइडांचें 5 लाख 70 हजार टन इतकें जास्तीचें उत्सर्जन होणार होतें. डिझेलचा धूर माणसांत कर्करोग उत्पन्न करतो, हा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनें 2012 सालींच दिला होता.

ह्या इतिहासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. उपाय कधींच दूर नव्हता. युद्धांत झडप होती, ती शांततेंत विसरली गेली. थोड्या डॉलरांत ती मिळत होती, तरी तिला एक वर्ष थांबविलें गेलें असा आरोप झाला. गाळक तयार झाले, तर ते काढून टाकणारे हात निघाले. प्रत्येक वेळीं ज्याला सोय झाली तो एक होता, आणि ज्यानें तो वायु हुंगला तो दुसराच होता. सैनिकाच्या गाडींत पाणी शिरत होतें तेव्हां नळी तत्काळ वळली, कारण तेथें त्रास आणि उपाय एकाच माणसाच्या पदरीं होते. शहराच्या डोळ्यांना पाणी आलें तेव्हां मात्र ती वळण्यास अठरा वर्षें लागलीं.

इंजिन जितकें बलवान् करावें तितका त्याचा उच्छ्वास मोठा होणार. तो निसर्गाचा नियम आहे व त्यांत कोणाचा अपराध नाहीं. तो उच्छ्वास आपल्याच यंत्रांत जिरवावा कीं परक्याच्या छातींत सोडावा, एवढेंच काय तें माणसाच्या हातीं असतें. उत्तम कारागिराची परीक्षा त्याच्या ट्रकानें किती वजन ओढलें ह्यावर होते हें खरें. परंतु तो ट्रक गेल्यावर मागें रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला श्वास कसा घेतां येतो, हीही त्याच परीक्षेची दुसरी बाजू आहे.