धुळ्यातली टाकी आणि १९७७ चा शोध

आजचा भाग समुद्राचा. आणि मी बोलतोय जळगावातून, जिथून समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं.

विषय निघाला धुळ्याच्या मामेभावामुळे. पठ्ठ्याने घरात खाऱ्या पाण्याची टाकी केली. आरओचं पाणी, त्यात पाकिटातलं खास समुद्री मीठ, आणि आपल्या उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायला चिलर. लाइट गेली की याचा जीव वर-खाली! त्यात सोडले दोन क्लाउनफिश, म्हणजे तुमचे ‘निमो’. दुकानदार म्हणाला होता, दोन्ही मोठे, दोन्ही सारखे, मस्त जोडी. चौथ्या दिवशी एकाचे पर फाटलेले, आणि तो पाइपमागे दडून बसलेला. भावाचा फोन: “दादा, जोडी आहे ना, मग मारामारी कशाची?”

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १८६८ साली कथबर्ट कॉलिंगवूड या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने चिनी समुद्रातल्या अवाढव्य समुद्रफुलांबद्दल आणि त्यांच्या आत राहणाऱ्या माशांबद्दल लिहिलं. समुद्रफूल डंख मारतं, तरी हा मासा त्यात मजेत कसा, हे कोडं बरीच वर्षं पुरलं. पण त्या घरात चालतं कुणाचं? ते नीट उलगडलं १९७७ मध्ये. हान्स आणि सिमोन फ्रिके यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. गटात सगळ्यात मोठी असते मादी. तिच्या खालोखाल एक नर. बाकीचे धाकटे, त्यांना पिल्लं होत नाहीत. मादी नराला धाकात ठेवते, नर धाकट्यांना. आणि मादी मेली तर? नरच मादी होतो! धाकट्यांतला मोठा नराच्या जागी येतो. पुढच्याच वर्षी मोयर आणि नाकाझोनो यांनी जपानमधल्या सहा जातींमध्ये असाच बदल नोंदवला.

म्हणजे २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’मध्ये आई गेल्यावर बापाची आई व्हायला हवी होती. पिक्सारने ते सोयीस्करपणे टाळलं, असो.

त्याच २००३ मध्ये पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या माशांवरून दाखवलं की धाकटा मासा स्वतःची वाढ रोखून धरतो. वरच्याच्या बरोबरीला आला की हाकललं जायची भीती. समुद्रफुलाबाहेर गेला की शिकारी माशाच्या तोंडी. म्हणून लहान राहा, नंबर येईपर्यंत थांबा. मला तर आपल्याकडची एकत्र कुटुंबं आठवली.

आता भावाची टाकी बघा. दोन्ही सारखे मोठे, म्हणजे माघार कुणी घेईना. कदाचित दोन्ही माद्याच झालेल्या, आणि मादी परत नर होत नाही. समुद्रात हरलेला निदान पळू तरी शकतो, दोन फुटांच्या काचेत पळणार कुठे? तिथे मार खाऊन मरतोच.

मी सांगितलं, आधी जखमी वेगळा काढ. मग मोठ्यासोबत एक अगदी छोटं पिल्लू सोड. मोठा मादी होईल, छोटा नर. छोटा मोठ्यासमोर अंग थरथरवतो का, ते बघत राहा. ती शरणागती असते, तिथून जोडी जमते.

परवा त्याने व्हिडिओ पाठवला. छोटं थरथरतंय. जखमी मासा बाजूच्या डब्यात, पर हळूहळू भरून येताहेत.