परमुलखातील एकटी वाट

चैत्र शुद्ध नवमीस पोहरादेवी येथे जगदंबा देवी व संत सेवालाल महाराज यांच्या दर्शनार्थ दूरदूरच्या तांड्यांतून आपली कुटुंबे लोटतात. तेथील गर्दीत स्त्रिया निर्भयपणे वावरतात, कारण चहूकडे आपलीच माणसे असतात. परंतु याच यात्रेत, दर्शन आटोपून वडीलधारी मंडळी सावलीला टेकली म्हणजे, अलीकडे एक प्रश्न निघतो : मुलीला परदेशात शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाण्याची संधी आली आहे, पण तिच्या सोबतीला कोण? या प्रश्नापायी काही मुलींची वाट उंबरठ्यातच अडते. म्हणून तो प्रश्न इतिहासाच्या उजेडात तपासून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रवास आपल्या समाजास नवा नाही. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. पुरुषांबरोबर बायकामुलेही त्या वाटेवर असत व सारा संसार बैलांच्या पाठीवर चाले. मुलूख परका, भाषा परकी, रात्र रानात. तरीही स्त्री त्या वाटेवर चालत होती. तिच्या रक्षणाची व्यवस्था तांड्याच्या रचनेतच होती. मुक्काम कोठे पडणार हे ठाऊक असे, नायक व कारभारी यांच्यावर जबाबदारी असे, आणि स्त्री स्वतः कष्टाळू व वाटेची जाणकार असे. एकोणिसाव्या शतकात आगगाडी व पक्क्या सडका आल्या, बैलांवरील व्यापार बुडाला आणि ती वाट मोडली. पण ती व्यवस्था ज्या तत्त्वावर उभी होती, ते तत्त्व मोडले नाही. महाराष्ट्रातील ज्या पहिल्या स्त्रिया परदेशी गेल्या, त्यांच्या चरित्रांत तेच तत्त्व निराळ्या रूपाने दिसते.

प्रथम आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घेऊ. कल्याणच्या या मुलीचा जन्म १८६५ सालचा. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले आणि वैद्यक शिकण्याचा निश्चय तिच्या मनात रुजला. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. त्यांचे एक पत्र अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले. त्यांनी होऊन आनंदीबाईंना पत्र धाडले. पुढे जवळजवळ तीन वर्षे हा पत्रव्यवहार चालला व अनोळखी बाईची मावशी झाली.

प्रयाणापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर येथे (हे बंगालमधील, कलकत्त्यानजीकचे) आनंदीबाईंनी जाहीर व्याख्यान दिले. लोक जे प्रश्न विचारीत, तेच त्यांनी क्रमाने मांडून त्यांची उत्तरे दिली. त्यांत ‘एकटी का जातेस?’ हा प्रश्न होता आणि ‘संकट ओढवले तर?’ हाही होता. पोहरादेवीस आज जो प्रश्न निघतो तो असा जुना आहे. पतीवर घरातील वृद्ध व लहानग्यांचा भार असल्याने एकटीने जाणे भाग आहे, असे त्यांनी पहिल्या प्रश्नावर सांगितले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. वय अवघे अठरा. बोटीवर अमेरिकन मिशनरी बायांची सोबत होती, परंतु जिवाभावाचे असे कोणी नव्हते. ४ जून रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर पाऊल ठेवले तेव्हा श्रीमती कार्पेंटर त्यांना उतरवून घेण्यास आल्या होत्या. त्या अफाट शहरात एक घर आधीच त्यांचे झालेले होते! पत्रांनी तांडा बांधला होता, तो असा.

तथापि या कथेची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. घरच्यांना व गावच्यांना भीती होती ती धर्माची व अब्रूची. आनंदीबाईंनी आपला आहार व आपला पोशाख सोडला नाही. अंग नीट झाकले जावे म्हणून लुगडे मात्र गुजराती धर्तीने नेसू लागल्या. ज्या बाबतीत लोक भीत होते त्या बाबतीत त्यांना ढळ लागला नाही. घात झाला तो निराळ्याच वाटेने. फिलाडेल्फियाचा कडक हिवाळा, अपुरे अन्न, अभ्यासाचा ताण, आणि राहत्या खोलीतील शेकोटी अशी की पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. परंतु क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मुलीची सुरक्षितता म्हणताना आपण केवळ अब्रूचा विचार करतो आणि तिची खोली, तिचे पांघरूण, तिचा घास विसरतो; ही चूक किती महाग पडते, हे या चरित्राने दाखविले आहे.

दुसरे उदाहरण डॉ. रखमाबाई यांचे. सुतार समाजात १८६४ साली जन्मलेल्या या स्त्रीने बालपणी झालेला विवाह मान्य करण्यास नकार दिला व त्यापायी कोर्टाची वर्षानुवर्षे झुंज दिली. १८८९ साली त्या लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकण्यास गेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पेची यांनी त्यांस पाठबळ दिले आणि इंग्लंडमध्ये मॅकलॅरन पतिपत्नीचा आधार लाभला. त्या विद्या संपादून सुखरूप परतल्या, सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली आणि १९५५ साली नव्वदी ओलांडून निवर्तल्या.

तिसरे उदाहरण पार्वतीबाई आठवले यांचे, आणि ते सामान्य घरांस अधिक जवळचे वाटेल. महर्षी कर्वे यांच्या या मेहुणी विसाव्या वर्षी विधवा झाल्या व पुढे हिंगण्याच्या आश्रमात राबल्या. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी तोडकेमोडके असताना, इंग्रजी शिकण्यासाठी व संस्थेस निधी मिळविण्यासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी परक्यांच्या घरी घरकाम करून पोट भरले. कामाची लाज धरली नाही आणि अडले तेथे विचारण्यास संकोच केला नाही. १९२० साली त्या मायदेशी परतल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ सालचे.

या तिघींपाशी बंदूक नव्हती, भाऊ नव्हता, नवराही सोबत नव्हता. जेथे उतरायचे तेथील विश्वासाचे माणूस आधी जोडणे, आपली खबर कोणास तरी सतत असणे, आणि स्वतःच्या कष्टावर व बुद्धीवर उभे राहणे, एवढेच त्यांचे कवच होते. ज्या ठिकाणी हे कवच विरले, त्याच ठिकाणी घाव बसला.

आज साधने पुष्कळ वाढली आहेत. आनंदीबाईंच्या पत्रास समुद्र ओलांडण्यास आठवडे लागत. आपल्या मुलीचा आवाज क्षणात तांड्यावर पोचतो. म्हणून पाठवणी करताना मातापितरांनी काही गोष्टी पाहाव्यात. पहिल्या रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता निघण्यापूर्वी ठरलेला व घरी लिहून ठेवलेला असावा. शक्य तर दिवसाउजेडी शहरात उतरावे. पासपोर्ट मालकाच्या वा दलालाच्या ताब्यात देऊ नये. त्याची एक प्रत घरी असावी. भारतीय वकिलातीचा पत्ता जवळ असावा. संकटसमयी अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९ व युरोपातील बहुतेक देशांत ११२ हा क्रमांक फिरवावा, हे तिला पाठ असावे. परतीच्या भाड्याएवढा पैसा तिच्या स्वतःच्या हाती असावा. राहण्याची खोली उबदार आहे काय, दाराला आतून कडी आहे काय, पोटभर जेवण मिळते काय, हेही विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, काही विपरीत घडले तर ते घरी सांगण्याचे भय तिला वाटता कामा नये. ‘आम्ही आधीच सांगत होतो’ हे वाक्य ज्या घरात तयार असते, त्या घरातील मुलगी संकट लपविते, आणि लपविलेले संकट वाढते.

आपल्या पूर्वजांनी स्त्रियांना घरी ठेवून व्यापार केला नाही. त्यांना घेऊन मुलुख पालथे घातले. आता मुलीची वाट तांड्यापुढे निघाली आहे. तिला अडवून आपण तिचे रक्षण करीत नाही. पुढील रामनवमीस पोहरादेवीच्या पायरीवर बसून ‘सोबत कोण?’ असे कोणी विचारील, तेव्हा त्या परक्या शहरात आपल्या ओळखीचे कोण आहे, याचा शोध तेथेच, त्या घटकेस सुरू व्हावा. एवढ्या मोठ्या समाजात एक पत्ता तरी निघेलच.