‘गगन’चे ‘खखम’ : अक्षरपालटाच्या गुप्तलिपीचा इतिहास

वात्स्यायनाच्या कामसूत्रात सांगितलेल्या ६४ कलांपैकी एक म्हणजे ‘म्लेच्छितविकल्प’. जाणत्यालाच अर्थ कळावा, इतरांना नव्हे, अशा रीतीने मजकूर मांडण्याची ही कला. यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत तिचे प्रकार दिले आहेत. त्यांतील ‘मूलदेवीय’ पद्धतीत अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात : ख आणि ग, त आणि प, न आणि म. जोडीतील एका अक्षराऐवजी दुसरे लिहावयाचे. ‘गगन’चे ‘खखम’ होते. तोच नियम पुन्हा लावला की ‘गगन’ परत मिळते.

जोड्या न ठेवता ३३ व्यंजनांची हवी तशी अदलाबदल केली, तर संभाव्य किल्ल्यांची संख्या ३७ अंकी होते. सेकंदाला एक अब्ज किल्ल्या तपासल्या, तरी त्या संपण्यास विश्वाच्या आजवरच्या वयाच्या अब्जावधी पट काळ लागेल. तरीही ही लिपी दुबळीच.

कारण ‘खखम’मध्येच दिसते. अक्षरे बदलली, पण पहिली दोन सारखी आहेत ही खूण तशीच राहिली. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. मराठीत ‘र’ जितका भेटतो तितका ‘ढ’ भेटत नाही. मुखवटा चढवला तरी ही वारंवारता लपत नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने हेच हेरले : गुप्त मजकुरातील चिन्हे मोजा, त्याच भाषेतील साध्या मजकुराशी ताडून पाहा. किल्ल्या चाळण्याची गरजच उरत नाही.

मग अशी लिपी शतकानुशतके टिकली कशी? याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ ‘सकळ’ आदी सांकेतिक लिप्यांत जपले. सकळ लिपीचा गाभाही अक्षरपालटाचाच. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आदी संशोधकांनी तिचा उलगडा केला, तेव्हा ‘लीळाचरित्रा’सारखे आद्य मराठी गद्य पंथाबाहेरच्या वाचकांसमोर येण्याची वाट मोकळी झाली. तोवर मराठी भाषकांचा फार मोठा वर्ग आपल्याच भाषेच्या या ठेव्याला पारखा होता. हे रहस्य गणिताने राखले नव्हते. पोथ्या आणि संकेत पंथाच्या हाती राहिले, म्हणून ते राहिले.

अशा राखणीत धोका असतो. संकेत एकदा फुटला की सारेच उघडे पडते, आणि तो जाणणारे उरले नाहीत तर ग्रंथच मुका होतो. १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनासाठी निकष मांडला : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. आजचे डिजिटल व्यवहार याच तत्त्वावर चालतात. त्यांतील पद्धती जगजाहीर असतात आणि त्या फोडण्याचे प्रयत्न जगभर खुलेपणाने होतात. त्या कसोटीला जे उतरते, त्यावरच विश्वास ठेवला जातो.